पासबुक हाच आता सातबारा : ब्राउझरचा फुकट राखणदार किती राखतो?

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यातील जमिनीचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार पालटले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीची कारखानदारी पुढे इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जमीन गेली, मोबदला आला. काहींनी बंगले बांधले, काहींनी कामगारांसाठी खोल्या काढल्या, आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवली. ज्यांच्याकडे अजून शेती आहे त्यांचीही गत वेगळी नाही. चाकणच्या महात्मा फुले बाजारातील कांदा-बटाट्याची पट्टी, डेअरीचे बिल, ठिबकचे अनुदान, पीएम-किसानचा हप्ता, सगळे खात्यावरच येते.

पूर्वी खातेदाराचा जीव सातबाऱ्यात अडकलेला असे. बांध कोरला, परस्पर नोंद झाली, की माणूस तलाठी कार्यालयात धाव घेई. ज्याची जमीनच पैशात बदलली त्याच्यासाठी पासबुक हाच आता सातबारा आहे. फरक एवढाच, की सातबाऱ्यावर फेरफार धरला तर नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. खात्यातले पैसे मात्र पंधरा मिनिटांत चार राज्यांतल्या चार खात्यांत जाऊन बसतात. हरकत घ्यायची कुणाकडे?

म्हणूनच गावोगावच्या बैठकांत आता पीक-पाण्याबरोबर एक नवा प्रश्न येतो : "साहेब, बँकेचं काम मोबाइलवर, कॉम्प्युटरवर करावं का? त्याला काही फुकटचं संरक्षण मिळतं म्हणतात, ते खरं का?" खरे आहे. असे संरक्षण मिळते, आणि ते चांगलेही आहे. पण ते कुठवर राखते आणि कुठे कमी पडते, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आजचा लेख त्यासाठी.

चोरीच्या दोन वाटा

बँकेतला पैसा दोन वाटांनी जातो. एक वाट बँकेच्या दारातून, दुसरी आपल्या दारातून.

बँकेच्या दारातून चोरी कशी होते ते पुण्याने २०१८ साली पाहिले. ११ ऑगस्टला कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या टोळीने बनावट कार्डे वापरून दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे चौदा कोटी रुपये 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात गेला. यात कोणा ठेवीदाराने चूक केली नव्हती, आणि फटकाही बँकेला बसला. या दाराचे कुलूप बँकेने सांभाळायचे असते, रिझर्व्ह बँकेने तपासायचे असते. आपण घरी बसून त्याला काही करू शकत नाही.

दुसरी वाट मात्र आपल्या ओसरीवरून जाते. ती म्हणजे ज्या यंत्रावर आपण बँक उघडतो ते यंत्र, आणि त्यातला ब्राउझर. ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहण्याची खिडकी : क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावे. बँकेचे पान, सातबाऱ्याचे पान, महाडीबीटीचे पान, सगळे याच खिडकीतून दिसते. चोराने या खिडकीत बस्तान बसवले, की बँकेचे कुलूप कितीही मजबूत असो, उपयोग नाही.

हे कसे होते ते बाजाराच्या उदाहरणाने सांगतो. काट्यावर वजन बरोबर भरले, तुम्ही डोळ्यांनी पाहिले. पण काटा आणि पट्टी यांच्यामध्ये कोणी आकडा बदलला तर? तुम्ही दहा हजार रुपये भावाच्या खात्यावर पाठवता. पडद्यावर तेच दिसते. पण ब्राउझरमध्ये दडलेला घातक प्रोग्रॅम बँकेकडे जाताना रक्कम आणि खाते क्रमांक दोन्ही बदलतो. २००७ पासून जगभर पसरलेल्या 'झ्यूस' नावाच्या प्रोग्रॅमची हीच तऱ्हा होती. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने जाहीर केले, की त्याचा वापर करणाऱ्या एका टोळीने सुमारे सात कोटी डॉलर पळवले. बळी कोण होते? मोठ्या बँका नव्हेत, तर छोटे व्यावसायिक, छोट्या गावांच्या नगरपालिका आणि चर्च. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात दुकानदार, ग्रामपंचायत आणि देवस्थान. चोर मोठ्या तटबंदीपेक्षा कमी उंचीचे कुंपण शोधतो, हे लक्षात ठेवावे.

फुकटचा राखणदार कोणता?

यावर उपाय म्हणून ब्राउझरलाच राखणदार बसवण्याची कल्पना निघाली. ब्रिटनमधील काही बँकांनी 'ट्रस्टीअर रॅपोर्ट' नावाचे असे साधन ग्राहकांना फुकट दिले. ते बनवणारी कंपनी २०१३ मध्ये आयबीएमने विकत घेतली.

आपल्याकडे हे काम केंद्र सरकारने केले आहे. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या 'सर्ट-इन' या संस्थेमार्फत ते चालते. या केंद्राच्या संकेतस्थळावरून नागरिकांना काही साधने मोफत दिली जातात. ब्राउझरसाठी 'ब्राउझर जेएसगार्ड', अँड्रॉइड मोबाइलसाठी 'एम-कवच', पेन ड्राइव्हसाठी 'यूएसबी प्रतिरोध' ही त्यातली मुख्य. ही 'सी-डॅक'ने तयार केली आहेत. सी-डॅक म्हणजे १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक बनवणारी संस्था. याच केंद्रासाठी संगणकातली घाण काढण्याचे मोफत साधन पुण्याच्याच क्विक हील कंपनीनेही दिले. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून काटकर बंधूंनी उभी केलेली ती कंपनी.

जेएसगार्ड हे 'एक्स्टेन्शन' आहे. एक्स्टेन्शन म्हणजे ट्रॅक्टरला जसा रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर जोडतो तसे ब्राउझरला जोडायचे अवजार. आपण एखादे पान उघडले की जेएसगार्ड त्या पानाच्या पोटातला मजकूर तपासतो. पानाआड लपवलेला घातक प्रोग्रॅम, नकळत दुसरीकडे नेणारा दुवा, असे काही आढळले तर इशारा देतो आणि काय आढळले त्याचा अहवाल दाखवतो. तो लक्षणांवरून ओळखतो. त्यामुळे कधी चांगल्या पानावरही भुंकेल, कधी नव्या चोराला ओळखणार नाही. वस्तीवरचे कुत्रे जसे पाहुण्यावर भुंकते आणि ओळखीच्या चोरावर गप्प बसते, तसेच.

ही तर जोडायची अवजारे झाली. याशिवाय घरात आधीच असलेले दोन राखणदार आहेत. ते बऱ्याच जणांना ठाऊकच नसतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये 'सेफ ब्राउझिंग' ही सोय असते. गुगलने ती २००७ च्या सुमारास सुरू केली. नावाजलेल्या लबाड पानांची यादी तिच्याकडे असते आणि तसे पान उघडले की पडदा लाल होतो. विंडोजमध्ये 'डिफेंडर' हा विषाणूरोधक मुळातच बसवलेला येतो. दोन्ही फुकट. फक्त ते चालू आहेत का, हे पाहावे लागते.

साध्या पाण्याची चाचणी

फवारणी पंप नवा आणला की आपण लगेच औषध घालत नाही. आधी साधे पाणी भरून नोझल पाहतो, दाब पाहतो, एका सरीला किती पाणी लागते ते मोजतो. तसेच या राखणदारांचे करावे, असे ठरवून या पट्ट्यातील एका ग्रामपंचायतीच्या संगणकावर आम्ही चाचणी घेतली. संगणक चालक मुलगा होता, ग्रामपंचायत अधिकारी होते आणि चार शेतकरी आपणहून येऊन बसले.

पहिली गोष्ट अशी, की राखणदार बसवण्याआधीच बरेच काही सापडले. ब्राउझरच्या मेनूत एक्स्टेन्शनची यादी असते. ती उघडली तर तीन अनोळखी अवजारे जोडलेली दिसली. एक व्हिडिओ उतरवून घेण्याचे, एक सवलतीची कूपन दाखवणारे, तिसरे कशाचे ते कोणालाच सांगता येईना. तिन्हींना परवानगी एकच दिलेली : सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे. म्हणजे बँकेचे पानसुद्धा. एका शेतकऱ्याने विचारले, "म्हणजे आपणच किल्ली दिलीया म्हणायची का?" होय, तसेच. तिन्ही काढून टाकली.

दुसरी गोष्ट, ब्राउझरने पासवर्ड 'लक्षात' ठेवले होते. त्यात दोन गावकऱ्यांच्या बँकेचेही होते. कधीतरी घाईत काम करून घेतले, 'सेव्ह'वर बोट पडले आणि राहिले. तेही पुसले, आणि त्या दोघांना बोलावून पासवर्ड बदलायला सांगितले.

मग राखणदारांची परीक्षा. विषाणूरोधक तपासण्यासाठी 'आयकार' नावाची एक निरुपद्रवी फाइल जगभर वापरतात. तिच्यात विष नाही, पण सगळे विषाणूरोधक तिला विषासारखे पकडतात. हेच आपले साधे पाणी. ती उतरवायला गेलो तर डिफेंडरने अडवली. सेफ ब्राउझिंगसाठी गुगलने तशीच चाचणीची पाने ठेवली आहेत. त्यातले एक उघडताच पडदा लाल झाला. चालक मुलगा म्हणाला, "हे लाल पान मी दोन-तीनदा पाहिलंय, पण खालचं बारीक अक्षरातलं बटण दाबून पुढं गेलो होतो." राखणदार भुंकला होता. धन्यानेच त्याला गप्प केले.

त्यानंतर जेएसगार्ड जोडण्याची पाळी. येथे एक सूचना. तो फायरफॉक्स आणि क्रोमसाठी बनवलेला आहे, पण ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या जुन्या अवजारांना नेहमीच घेत नाहीत. नव्या ट्रॅक्टरच्या लिंकेजला जुना नांगर बसेलच असे नाही. सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर आपल्या ब्राउझरसाठी काय दिले आहे ते पाहावे. जुळत असेल तर जोडावा. जुळत नसेल तर त्यासाठी ब्राउझर जुना ठेवण्याचा हट्ट अजिबात धरू नये. नवा, अद्ययावत ब्राउझर हाच निम्मा बंदोबस्त आहे.

आणि शेवटची परीक्षा आम्ही मुद्दाम घेतली. चालकाने बाहेर जाऊन आत बसलेल्या एकाला फोन केला. "बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय, आलेला ओटीपी सांगा." संगणक गप्प, लाल पान नाही, इशारा नाही, काही नाही. सगळे हसले, पण मुद्दा सर्वांना कळला.

राखणदार कुठे कमी पडतो?

मुद्दा असा : ब्राउझरचा राखणदार वाईट पानापासून वाचवतो, वाईट शब्दापासून नाही. आपण स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगितला, तर जगातला कोणताही प्रोग्रॅम तो परत घेऊ शकत नाही.

तशीच गोष्ट मोबाइलवरच्या एपीके फाइलची. पीएम-किसान ही वर्षाला सहा हजार रुपयांची योजना २०१९ पासून सुरू आहे. तिच्या नावाची खोटी ॲप एपीके फाइलच्या रूपात व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवली जातात. 'हप्ता अडकला आहे, हे ॲप घ्या' असा मजकूर असतो आणि पाठवणारा ओळखीचाच दिसतो, कारण त्याचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. ते ॲप घेतले की मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती दिली, की ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. यात ब्राउझर कुठे आलाच नाही, मग त्याचा राखणदार काय करणार? मोबाइलवर ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावे. 'अनोळखी स्रोतातून बसवा' ही परवानगी बंद ठेवावी. एम-कवचसारखे साधन जोडीला घ्यावे.

तिसरे, दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारी ॲप. 'एनीडेस्क'सारख्या ॲपमधून लांबचा माणूस आपला मोबाइल हाताळू शकतो. त्याचा गैरवापर होतो, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. कंपनीतला संगणक दुरुस्त करायला हे ॲप चांगले. पण बँकेचा म्हणवणारा माणूस ते घ्यायला सांगत असेल तर फोन तिथेच ठेवावा.

फुकटाची किंमत

बैठकीत एका वयस्कर शेतकऱ्याने चांगला प्रश्न विचारला. "फुकट देतात म्हणता, मग त्यांचा ह्यात फायदा काय?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. सरकारी साधनाचा खर्च आपल्याच करातून होतो. ब्राउझर आणि विंडोजमधले राखणदार त्या त्या कंपनीच्या मालाबरोबर येतात. पण बाकी फुकट वाटणाऱ्यांचे काय?

'अवास्ट' या जगप्रसिद्ध विषाणूरोधक कंपनीचे उदाहरण पाहा. लोक कोणकोणती पाने पाहतात याची माहिती तिची एक्स्टेन्शन आणि विषाणूरोधक गोळा करत, आणि कंपनीची जोडसंस्था ती विकत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल कंपनीला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. नावाजलेल्या राखणदाराची ही तऱ्हा, तर अनोळख्याचे काय सांगावे? 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, हे फुकट बसवा' असे अचानक पडद्यावर येते, ते तर बहुधा चोरच असतात. राखणदार आपण शोधून नेमायचा असतो. दाराशी येऊन 'मला ठेवा' म्हणणारा ठेवायचा नाही.

पत्ता उजवीकडून वाचा

कोणत्याही साधनापेक्षा जास्त उपयोगी पडेल अशी एक सवय सांगतो. पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावे किती? खेड तालुक्यातले महाळुंगे इंगळे, आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ आणि बालेवाडीजवळचे महाळुंगे. नुसते 'महाळुंगे' वाचून पत्र टाकले तर ते भलतीकडे जाते. खरे गाव शेवटच्या तालुक्यावरून कळते.

इंटरनेटच्या पत्त्याचेही तसेच आहे. सुरुवातीला बँकेचे नाव दिसले म्हणून पान बँकेचे ठरत नाही. शेवट पाहायचा. आता हे सोपे झाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर नेण्यास सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्यातील सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिथून मागे वाचा. तिथे 'डॉट बँक डॉट इन' असले पाहिजे. 'बँक डॉट इन' आहे, पण त्यानंतर पुन्हा डॉट देऊन आणखी काही नाव आणि 'कॉम' आले, तर ते दुसरे महाळुंगे समजा.

कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. कुलूप म्हणजे पाकीट नीट चिकटवलेले आहे, वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच. पाकीट पोचते कोणाकडे, हे ते सांगत नाही. चोरालाही कुलूप फुकट मिळते. म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ पासून ते चित्र काढून टाकले.

घरी आणि ग्रामपंचायतीत काय करावे?

१. बँकेचा ब्राउझर वेगळा ठेवा. तणनाशकाचा पंप आपण वेगळा ठेवतो, कारण टू-फोर-डीचा थेंब राहिला तर पुढच्या फवारणीत उभे पीक जळते. तसे गाणी, सिनेमे, बातम्या एका ब्राउझरमध्ये आणि बँक दुसऱ्यात. बँकेच्या ब्राउझरला राखणदाराशिवाय दुसरे एकही अवजार जोडू नका.

२. ब्राउझर आणि विंडोज अद्ययावत ठेवा. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. असा जुना संगणक टाइप करायला वापरा, बँकेला नको.

३. दुसऱ्याच्या संगणकावर, सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात आपल्या बँकेचा पासवर्ड टाकू नका.

४. मोबदल्याची मोठी रक्कम आणि रोजच्या व्यवहाराचे पैसे एकाच खात्यात ठेवू नका. बियाणे आणि खाण्याचे धान्य आपण एका कणगीत ठेवत नाही. मोठी रक्कम मुदत ठेवीत किंवा इंटरनेट सोय न घेतलेल्या खात्यात असावी. यूपीआय जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच. इंटरनेट बँकिंगची दिवसाची मर्यादाही कमी करून घेता येते.

५. बँकेचे मेसेज ज्या नंबरवर येतात तो नंबर चालू आणि आपल्याच हातात असावा. बऱ्याच घरांत वडिलांचे खाते, मुलाचा मोबाइल आणि मुलगा रात्रपाळीला, अशी स्थिती असते. मेसेज पाहणारा कोण, हे घरात ठरवा.

६. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी खास : वित्त आयोगाच्या निधीची देयके डिजिटल स्वाक्षरीने होतात. ती स्वाक्षरी असलेले पेन ड्राइव्हसारखे टोकन संगणकाला लावून ठेवू नये आणि त्याचा पासवर्ड चिकटपट्टीने पडद्यावर लावू नये. कोरे सही केलेले चेकबुक टेबलावर ठेवण्यासारखेच ते आहे. टोकन ज्याचे त्याने जवळ ठेवावे.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा. सायबर आर्थिक फसवणुकीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, तेव्हा मध्येच कुठे तरी अडवता येतात. पण त्यासाठी पहिला एक-दोन तास महत्त्वाचा. लगेच बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पोलिसांच्या बाबतीत, चाकण, महाळुंगे, आळंदीचा भाग १५ ऑगस्ट २०१८ ला स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, तर राजगुरुनगरचा भाग पुणे ग्रामीणकडे. हद्दीच्या शोधात वेळ घालवू नये. जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

बँकेची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले, आणि सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला काढले. त्यानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. दाव्याच्या वेळी चालू नियम शाखेत विचारावा, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. लाजेने आठ दिवस गप्प बसणारा माणूस दोनदा नुकसान करून घेतो. फसणे हा गुन्हा नाही, फसवणे हा गुन्हा आहे.

या आठवड्यात प्रत्येक खातेदाराने एवढे तरी करावे. ब्राउझरची एक्स्टेन्शन यादी उघडून अनोळखी अवजारे काढावीत, सेफ ब्राउझिंग आणि डिफेंडर चालू आहेत का पाहावे आणि सायबर स्वच्छता केंद्राचे संकेतस्थळ एकदा तरी बघावे. घरातल्या कॉलेजच्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवले तर अर्ध्या तासाचे काम आहे. ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि १९३० हा क्रमांक सूचना फलकावर मोठ्या अक्षरात रंगवावा. राखणदार फुकट मिळतो, तो जरूर नेमावा. मात्र किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे शेवटी धन्यानेच ठरवायचे असते.